लांबलचक रोल मिळालाय? मग टॉम बेकर बघा

सिरियलमध्ये पहिल्यांदा मोठा रोल मिळालेल्या मुलामुलींना मी टॉम बेकरचे जुने एपिसोड बघायला सांगतो. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या सायन्स फिक्शन सिरियलमध्ये तो १९७४ ते १९८१ डॉक्टर होता, म्हणजे काळात फिरणारा परग्रहावरचा नायक, पडद्यावर इतकी सलग वर्षं तो रोल दुसऱ्या कोणी केलेला नाही. मी स्वतः एकच कॅरेक्टर बरीच वर्षं केलंय, त्यामुळे त्याचं काम बघताना मला अजूनही शिकायला मिळतं.

आधी काम मागण्याबद्दल. सिनेमात रास्पुतिन करून, गोल्डन ग्लोबची नॉमिनेशन्स मिळवूनसुद्धा १९७४ मध्ये हा माणूस बांधकामावर राबत होता. त्याने बीबीसीतल्या बिल स्लेटरना सरळ काम मागणारं पत्र लिहिलं, त्यांनी प्रोड्युसर बॅरी लेट्सना नाव सुचवलं, लेट्सनी त्याचा सिंदबादचा सिनेमा बघितला आणि घेतला की त्याला. वय तेव्हा चाळीस. तेव्हा ओळखीच्या लोकांकडे काम मागायला लाजू नका, मी आजही मागतो.

आता खरी गोष्ट. 'द आर्क इन स्पेस' नावाची त्याची सुरुवातीची एक कथा आहे, त्यात एका माणसाचा हात हळूहळू परग्रहावरच्या किड्याचा होत जातो, आणि तो हात म्हणजे चक्क पॅकिंगचा बबल रॅप, वर हिरवा रंग मारलेला. नीट बघितलं तर फुगे दिसतात. पण बेकर त्या संकटाबद्दल ज्या गांभीर्याने बोलतो, डोळे मोठे करून, आवाज खाली आणून, त्यामुळे आपल्याला भीती वाटतेच. सायन्स फिक्शनमध्ये समोर काहीही असो, तुमचा विश्वास बसला तरच बघणाऱ्याचा बसणार, यात सूट नाही. आणि त्याने त्यात स्वतःचं किती घातलं बघा! तो लांबच लांब स्कार्फ, विणणाऱ्या बाईंनी दिलेली सगळी लोकर वापरून टाकली म्हणून एवढा झाला, त्याला तो आवडला आणि मग चालण्या-बसण्यात, गमतीत सगळीकडे त्याने तो वापरला. कॉस्च्युम मिळाला की घालून फिरून बघा, हातांना काय सुचतं ते बघा.

सेटबाहेरचंही त्याने सांभाळलं. मुलं आपल्याला डॉक्टर समजतात म्हणून त्यांच्यासमोर सिगारेट-दारू टाळायचा, हे मला फार मोठं वाटतं.

पण लांब रोलचा एक त्रासही असतो, काही वर्षांनी वाटायला लागतं की हे कॅरेक्टर आपल्याइतकं कोणालाच कळत नाही. बेकरचंही तसंच झालं, स्क्रिप्टवरून आणि डायरेक्टरांशी खटके उडायचे. १९८० मध्ये जॉन नेथन-टर्नर प्रोड्युसर झाले, विनोद कमी झाला, स्कार्फचा रंगसुद्धा बदलला, आणि मार्च १९८१ मध्ये 'लोगोपोलिस' या कथेत त्याच्या डॉक्टरने रूप बदललं आणि रोल पीटर डेव्हिसन या नटाकडे गेला. तुमच्या सेटवर असे खटके वाढायला लागले तर एकदा घरी बसून शांतपणे विचार करा की भांडण सीनसाठी आहे की मालकीसाठी.

सोडल्यावर काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याला त्याच्या आवाजाने तारलं, 'लिटल ब्रिटन' या कॉमेडी शोचं निवेदन त्याचंच, आणि २०१२ पासून बिग फिनिश या कंपनीच्या 'डॉक्टर हू' ऑडिओ नाटकांत तो परत डॉक्टर झाला. म्हणून रोल चालू असतानाच डबिंग, व्हॉइसओव्हर शिकून घ्या, शूटिंग नसलेल्या दिवशी जमतं ते.