संथ कॉम्प्युटर विकण्याआधी तो कुठे अडतो ते बघा

‘भाऊ, कॉम्प्युटर भलताच स्लो चालून राहिला’ असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा तो ‘कधी?’ सुरू होतानाच रेंगाळतो, की तासभर काम झाल्यावर? बाराही महिने असाच असतो, की एप्रिल लागला की सुरू होतं? अर्धं निदान या उत्तरातच होतं. चालू व्हायलाच पाच-दहा मिनिटं घेणारा कॉम्प्युटर बहुधा हार्ड डिस्कपाशी, म्हणजे फाइल्स साठवायच्या जागेपाशी अडलेला असतो. ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब उघडले की गोठणारा रॅमपाशी, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवायच्या मेमरीपाशी अडतो. आणि सकाळी छान चालून मे महिन्याच्या दुपारी मान टाकणारा बहुतेक वेळा तापलेला असतो. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत. नेमकं कुठे दुखतंय हे न बघता थेट नागपूरच्या बर्डीच्या बाजारात जाऊन नवा कॉम्प्युटर घेणं म्हणजे बहुतेक घरांत पैसे वाया घालवणं आहे, हे मी अगदी मनापासून सांगतो.

आधी टास्क मॅनेजर उघडा

कॉम्प्युटर सुरू करून दहा मिनिटं त्याला हात लावू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खाली ‘मोअर डिटेल्स’ दाबा. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क असे तीन रकाने आणि वर टक्के दिसतील.

काहीच उघडलेलं नसताना डिस्क ९०-१०० टक्क्यांवर अडकून असेल, तर तुमचा दोषी सापडला. मेमरी ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे. सीपीयू सतत वर असेल तर त्या रकान्याच्या नावावर क्लिक करा. सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येईल. तो कधीतरी विंडोजचं अपडेटही असतं, तेव्हा ते पूर्ण होऊ द्या. नाव अनोळखी वाटलं तर आधी विंडोज सिक्युरिटीतून पूर्ण स्कॅन करा.

आता ‘परफॉर्मन्स’वर जा. इथे डिस्कवर क्लिक केलं की ती एचडीडी (फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) ते लिहिलेलं दिसतं. मेमरीवर क्लिक केलं की रॅम किती आहे आणि किती स्लॉट वापरात आहेत ते कळतं. सीपीयूखाली ‘अप टाइम’ असतो, म्हणजे शेवटच्या रीस्टार्टपासून किती वेळ झाला. रोज बंद केलेला कॉम्प्युटरही इथे वीस-पंचवीस दिवस दाखवू शकतो, कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर ‘शट डाउन’ने ते पूर्ण बंद होत नाही, आतला काही भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलतं. म्हणून ‘रीस्टार्ट’ एकदा करून बघा. फुकटातला हा सगळ्यात चांगला उपाय आहे.

फुकटात होणारी कामं

टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ किंवा ‘स्टार्टअप ॲप्स’ उघडा. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालू होणारे प्रोग्राम इथे दिसतात: मीटिंगची ॲप्स, गेमचे लाँचर, प्रिंटरसोबत आलेली जास्तीची खोगीरभरती. नको ते निवडून ‘डिसेबल’ करा. प्रोग्राम काढला जात नाही, फक्त स्वतःहून उठत नाही. अँटिव्हायरस आणि टचपॅड-साउंडचे ड्रायव्हर मात्र राहू द्या.

मग सेटिंग्जमधून ‘ॲप्स’ उघडून वर्षानुवर्षं न वापरलेलं काढून टाका. दोन अँटिव्हायरस असतील तर एक ठेवा. दोघेही प्रत्येक फाइल तपासायला धावतात. वेगळा विकत घेतलेला नसेल तर विंडोजमधला डिफेंडर घरगुती कामाला पुरतो. सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘स्टोरेज’ उघडून टेम्पररी फाइल्स साफ करा. त्या यादीत डाउनलोड्सचा फोल्डरही असतो, त्याच्यावरची खूण आधी काढा. नाहीतर मुलांचे बोर्डाचे फॉर्म आणि वीजबिलाच्या पावत्या जातील. ड्राइव्हमध्ये साधारण १५-२० टक्के जागा मोकळी असावी.

ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रामही बघा. कूपन शोधणारी, व्हिडिओ उतरवणारी, पीडीएफ बदलणारी अशी कुणीकुणी टाकलेली एक्स्टेन्शन्स प्रत्येक पानामागे काम करत बसतात.

आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हजारो चुका सापडल्या’ असं ओरडणारे बूस्टर-क्लीनर अजिबात घेऊ नका. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ केल्याने वेग वाढत नाही. बिघडलं तर विंडोज उठायचं बंद होतं.

नागपूरचं ऊन आणि कूलरची हवा

संथपणावरच्या बहुतेक सल्ल्यांमध्ये ही गोष्ट दोन ओळींत उरकलेली असते. आपल्याकडे ती पहिल्या रांगेत हवी. २३ मे २०१३ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि एरवीही नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, पारा ४५च्या आसपास जाणं काही नवं नाही. कॅबिनेटमधला पंखा आतली उष्णता बाहेर फेकतो, पण आत जी हवा घेतो ती खोलीचीच. खोली ४० अंशांवर असेल तर प्रोसेसर त्याच्याखाली जाऊच शकत नाही. त्याचं तापमान १०० अंशांच्या आसपास पोचलं की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. स्क्रीनवर कसलीही सूचना येत नाही, फक्त सगळं जड होतं.

तपासायचं कसं? दुपारी काम अडत असताना टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा ‘स्पीड’ बघा. खाली ‘बेस स्पीड’ दिलेला असतो. सीपीयू पूर्ण कामात असूनही स्पीड बेसपेक्षा बराच खाली गेला असेल आणि पंखा घरघरत असेल, तर गरमीवरच संशय घ्या.

त्यात आपण कूलर लावतो. कूलरच्या तोंडासमोर ठेवलेल्या कॅबिनेटचं झाकण काढून बघा: प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर (हीटसिंकवर) धूळ नुसती बसलेली नसते, दमट हवेने ती ओली होऊन सुकते आणि नमद्यासारखा थर होतो. त्यातून वारा जातच नाही. पंखा जोरात फिरतो आणि तरी पात्या तापलेल्याच.

साफसफाई अशी करा. कॉम्प्युटर बंद करून मागची वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट गच्चीवर किंवा गॅलरीत न्या. डाव्या बाजूचं झाकण बहुधा मागच्या दोन स्क्रूंवर असतं. आधी मऊ, कोरड्या ब्रशने थर मोकळा करा आणि मग ब्लोअरने थोड्या अंतरावरून हवा मारा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा; जोरात गरगरलं तर बेअरिंग बिघडतं. ओलं फडकं नको. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते. पॉवर सप्लायचा डबा बाहेरूनच फुंका, उघडू नका; वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

साफ करूनही तापत असेल आणि मशीन चार-पाच वर्षांचं असेल, तर प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, वाळली असावी. कधी केलं नसेल तर दुकानातून बदलून घ्या. लॅपटॉपची आतली सफाईही तिथेच, कारण त्याच्या रिबन केबल सहज तुटतात. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, खालच्या जाळ्या बंद होतात.

शेवटी जागा. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, आणि कूलरचा झोत खोलीत येऊ द्या पण थेट त्याच्यावर नको.

पैसे खर्चायचे तर आधी एसएसडी

डिस्कचा रकाना शंभरावर अडकत असेल आणि आत एचडीडी असेल, तर एसएसडीइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. एचडीडीत तबकडी फिरते, बहुधा मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे, आणि वाचणारा हात जागेवर जाईपर्यंत दर वेळी काही मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स वाचल्या जातात, ते सगळे मिलिसेकंद साठतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. साधी साटा (जोडणीचा जुना प्रकार) एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते. घरगुती एचडीडी साधारण १००-१५० एमबी.

अडीच इंची साटा एसएसडी जुन्या डेस्कटॉपला आणि बहुतेक जुन्या लॅपटॉपला चालते. एम.२ प्रकारची, म्हणजे पट्टीसारखी, घेण्याआधी मदरबोर्डवर तिचा स्लॉट आहे का, आणि तो साटाचा की एनव्हीएमईचा (जोडणीचा जास्त वेगवान प्रकार), हे बघा. विंडोज आणि रोजच्या कामाला २५६ जीबी पुरते, फोटो आणि व्हिडिओ जुन्या डिस्कवर राहू द्या. पण आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाकून जुन्या डिस्कची तब्येत तपासा. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ आलं तर वेग नंतर, आधी सगळी माहिती दुसरीकडे उतरवा. वादळात वीज गेल्यावर एकदम बंद पडणाऱ्या मशीनमध्ये डिस्क लवकर खराब होते. त्यासाठी यूपीएस हवाच.

विंडोज नव्याने टाकणार असाल तर कागदपत्रं आणि फोटोंसोबत टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड आणि जुने मराठी फॉन्टही कॉपी करून घ्या. लग्नपत्रिका किंवा सोसायटीची जुनी पत्रं ज्या फॉन्टमध्ये टाइप केली तो नसेल तर उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते.

रॅम नंतर. ४ जीबी असेल तर ८ करा. ब्राउझर, वर्ड आणि ऑनलाइन क्लास एकत्र चालायला तेवढी लागते. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत, खाचेची जागा वेगळी असते. म्हणून रॅमची जुनी पट्टी किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्या. विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीपेक्षा जास्त रॅम तो वापरणारच नाही, आधी ६४ बिट टाकावं लागेल.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. मशीन त्यात बसत नसेल आणि काम ब्राउझर, मेल, व्हिडिओ एवढंच असेल, तर एसएसडीवर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघा. ती मोफत आहे आणि मराठी टायपिंगही होतं. टॅली किंवा तसलं विंडोजचं सॉफ्टवेअर लागत असेल तर मात्र हा रस्ता नको.

दुकानात देताना ‘स्लो आहे, बघा’ एवढंच सांगू नका. ‘एसएसडी टाका, हीच विंडोज त्यावर क्लोन करा (जशीच्या तशी उतरवा), रॅमला हात लावू नका’ असं नेमकं सांगा आणि काढलेल्या प्रत्येक भागाची मागणी आधीच करून ठेवा. जुनी हार्ड डिस्क दुकानात सोडू नका, तिच्यावर तुमच्या घरातली आधार कार्डं आणि बँकेची स्टेटमेंट्स आहेत. तब्येत चांगली असेल तर यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून तिची बॅकअप डिस्क करा.