ग्रुपवर व्हिडिओ टाकला म्हणजे झालं नाही: अभ्यासिकेतल्या पोरांसाठी काय करायचं

मी तासगावकडचा. गावात भरतीची आणि एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांची अभ्यासिका आहे, तिच्या ग्रुपचा ॲडमिन मी. दोन वर्षांपूर्वी एका पोरानं रात्री स्टेटस ठेवलं, 'आता बास', चाळीसेक जणांनी बघितलं, दोघांनी हसणारे इमोजी टाकले, एकानं 'काय झालं लगा' एवढं विचारलं आणि झोपून गेला. पोरगा वाचला, आता बरा आहे. पण त्याच्या आधीच्या महिन्यात मीच मानसिक आरोग्याचे सहा-सात व्हिडिओ ग्रुपवर टाकले होते, आणि नंतर विचारल्यावर कळलं की एकही कुणी पुरा बघितलेला नव्हता. म्हणून आम्ही आता जसं करतो तसं सांगतो.

आधी व्हिडिओ निवडा. रडकं म्युझिक आणि 'डिप्रेशनची पाच लक्षणं' असली रील नको. बोलणारा माणूस डॉक्टर किंवा समुपदेशक आहे का बघा, जीव कसा दिला याचं वर्णन असेल तर लगेच बाद, 'नापास झाला म्हणून गेला' असं एकाच कारणावर आणून ठेवणारापण बाद, कारण ते कधीच एवढं सोपं नसतं. मराठीत ठाण्याच्या आयपीएचचं, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींच्या मानसिक आरोग्याच्या संस्थेचं, युट्यूब चॅनेल आहे. साताऱ्यात याच कामातली परिवर्तन संस्था आहे, मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर तिथलेच. आपल्या भाषेत बोलणारा माणूस असला की पोरं ऐकतात, इंग्रजी सबटायटल वाचत कोण बसतंय.

मग एकत्र बघा. रविवारी संध्याकाळी, टीव्हीला मोबाईल जोडून, दहा-बारा मिनिटांचं एकच. आणि त्यानंतर अर्धा तास बोलणं, खरं काम तिथंच होतं. युरोपातल्या दहा देशांत ११,११० शाळकरी मुलांवर अभ्यास झालेला, २०१५ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आला. ज्या वर्गांत मुलांनी स्वतः प्रसंग करून बघितले, चर्चा केली, तिथं वर्षभरात आत्महत्येचे प्रयत्न जवळपास निम्मे झाले, आणि नुसतं शिक्षकांना ट्रेनिंग दिलेल्या शाळांत तसा ठळक फरक दिसला नाही. ते वर्गात होतं, ऑनलाईन नव्हतं, म्हणून तर म्हणतो व्हिडिओ फक्त विषय काढायला.

चर्चेत एक गोष्ट तोंडानं म्हणून घ्या, जोड्या करून. 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?' पहिल्यांदा सगळी हसतात, हसू द्या, दुसऱ्यांदा म्हणायला लावा. विचारल्यानं डोक्यात विचार घुसतो ही भीती खोटी आहे, उलट समोरच्याला हलकं वाटतं. आणि उत्तर 'हो' आलं तर गप बसून ऐकायचं. 'एवढ्यावरून काय', 'आईबापाचा विचार कर', 'पुढच्या भरतीला बघू' हे नाही. मलाच हे जमायला लई दिवस लागले, तोंडातून सल्ला निघतोच.

१४४१६ सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह पाहिजे, ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्येपण. हा टेलिमानस, मनाच्या त्रासात बोलायचा सरकारी नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठी निवडता येतं. मित्राची काळजी वाटत असेल तर तुम्हीपण लावू शकता.

ग्रुपवर स्टेटस किंवा मेसेज दिसला तर तिथं उत्तर द्यायचं नाही. फोन लावायचा, जवळ असाल तर गाडी काढून घरी जायचं. आम्ही दोन पोरं ठरवून ठेवलीत, एक तिथं बसणार, एक घरच्यांशी बोलणार. त्याला एकटं सोडायचं नाही. आपल्याकडं द्राक्षाची घरं, फवारणीचं औषध गोठ्यात नाहीतर जिन्याखाली उघड्यावर असतं, ते त्याच रात्री दुसऱ्याच्या घरी कुलपात न्यायचं, तो राग करेना का. जिवाला आत्ता धोका दिसला तर ११२, नाहीतर सरळ सांगली-मिरजेचं सिव्हिल.

आता लोक दवाखान्यात न्यायलाच घाबरतात, पोलीस केस होईल म्हणून घरीच उपाय करत बसतात आणि वेळ जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, आणि त्याला शिक्षा नाही तर उपचार द्यायची जबाबदारी सरकारची. हे पोरांपेक्षा त्यांच्या वडलांना सांगा, सोसायटीच्या कट्ट्यावर.

आणि गावात खरंच कुणी गेलं, तर फोटो, चिठ्ठी, कसं केलं त्याची चर्चा ग्रुपवर आली की ॲडमिननं लगेच डिलीट मारायचं. मला यावरून दोघांनी 'लई शहाणा झालाय' म्हणून ग्रुप सोडला. आठवड्यानं एक परत आला, रविवारी टीव्हीची वायर तोच जोडतो आता.