श्रद्धावान माणसाशी पृथ्वीच्या परिभ्रमणाविषयी कसे बोलावे

पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपण शाळेत शिकतो. पण ते कशावरून, असा प्रश्न धर्मग्रंथ प्रमाण मानणाऱ्या व्यक्तीने केला की बहुतेकांची पंचाईत होते आणि मग पुराव्याऐवजी उपहास पुढे येतो. उपहास करायचा नसेल, तर संभाषणाची तयारी आधी करावी लागते.

समोरच्या व्यक्तीचा आक्षेप नेमका कोणत्या गतीला आहे, हे प्रथम विचारून घ्यावे. स्वतःभोवतीचे परिवलन आणि सूर्याभोवतीचे परिभ्रमण या दोन स्वतंत्र गती असून त्यांचे पुरावेही वेगळे आहेत. दिवस-रात्र होतात म्हणून पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असे विधान भलेभले लोक करतात. ते चुकीचे आहे. परिवलनापुरते बोलायचे असेल तर फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूकोने १८५१ मध्ये पॅरिसच्या पॅन्थिऑनमध्ये टांगलेल्या ६७ मीटर लांबीच्या लंबकाचे उदाहरण पुरते, कारण खालची पृथ्वी फिरत असल्यामुळे लंबकाच्या झोक्याची दिशा तासागणिक वळत जाताना प्रेक्षकांना दिसत होती.

त्यानंतर ग्रंथवचनाकडे वळावे, मात्र ते खोटे ठरवण्याचा आग्रह धरू नये. बायबलमधील यहोशवाच्या पुस्तकात सूर्य थांबल्याचा उल्लेख आहे आणि परिभ्रमणाच्या विरोधात तोच पुढे केला गेला. त्यावर गॅलिलिओने १६१५ मध्ये लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात, स्वतः श्रद्धावान राहूनच, असे मांडले की धर्मग्रंथ सामान्यांच्या बोलीत बोलतो आणि स्वर्गाला कसे जावे हे शिकवतो, आकाश कसे चालते हे नव्हे. हे वचनही त्याने एका धर्माधिकाऱ्याचे म्हणून उद्धृत केले होते. आजचा खगोलशास्त्रज्ञही सूर्य उगवला असेच म्हणतो आणि त्यात कोणाला असत्य दिसत नाही. म्हणून वचन कशासाठी सांगितले आहे आणि आकाशात काय दिसते, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत.

उलट दिशेची चूकही टाळावी. हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच होते, असे म्हणून वाद मिटवण्याचा मोह अनेकांना होतो. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये नावेतील माणसाचा दाखला दिला, हे खरे आहे. पुढे जाणाऱ्या नावेतून काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे त्याने म्हटले. पण तो दाखला परिवलनाचा आहे, सूर्याभोवतीच्या फेरीचा नव्हे. शिवाय ब्रह्मगुप्तासारख्या थोर गणितज्ञाने त्यावर आक्षेप घेतला होता, म्हणजे प्रश्न तेव्हाही तर्काने लढवला जात होता.

आता पुरावा. कोणता पुरावा द्यायचा नाही, हे ठरवणे येथे अधिक अवघड आहे. शुक्राच्या कला पाहून शुक्र सूर्याभोवती फिरतो एवढेच सिद्ध होते. पृथ्वी स्थिर असून सूर्य तिच्याभोवती आणि बाकीचे ग्रह सूर्याभोवती फिरतात, ही खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची रचनाही त्या कलांशी जुळते. गॅलिलिओने भरती-ओहोटीचा जो पुरावा दिला तो तर चुकीचाच होता. गॅलिलिओवरील १६३३ च्या खटल्याच्या वेळी निर्णायक पुरावा कोणाच्याच हाती नव्हता, हे मान्य केल्याने आपली बाजू दुबळी होत नाही, उलट ऐकणाऱ्याचा विश्वास वाढतो.

निर्णायक पुरावा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडलीला १७२८ मध्ये सापडला, तोही दुसरेच काही शोधताना. पावसात भरभर चालताना छत्री पुढे कलती धरावी लागते, त्याप्रमाणे धावत्या पृथ्वीवरून ताऱ्याचा प्रकाश पकडताना दुर्बीण किंचित कलती ठेवावी लागते. पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर आणि प्रकाशाचा सुमारे ३ लाख किलोमीटर, म्हणून हा कल साधारण २०.५ विकला भरतो (एका अंशात ३,६०० विकला असतात), आणि वर्षभरात त्याची दिशा फिरून पूर्वपदावर येते. पुढे १८३८ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे पराशय, म्हणजे पृथ्वीची जागा बदलल्यामुळे दिसणारे विस्थापन, मोजले. ते एका विकलेच्या तृतीयांशाहूनही कमी होते. पृथ्वी स्थिर मानली, तर आकाशातला प्रत्येक तारा बरोबर एका वर्षात, सूर्याशी ताल राखून, डोलतो असे मानावे लागेल. पल्सार ताऱ्यांचे, म्हणजे नियमित अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांचे, ठोके मोजणाऱ्यांना तर पृथ्वीच्या कक्षेचा हिशेब रोजच करावा लागतो, कारण पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलातील पल्सारचे ठोके, सूर्यापाशी ते ज्या वेळी पोहोचले असते त्याच्या तुलनेत, वर्षातून एकदा सुमारे आठ मिनिटे लवकर आणि सहा महिन्यांनी तितकेच उशिरा येतात.

जाणकार श्रोता येथे विचारील की गती सापेक्ष असते, मग पृथ्वीलाच स्थिर का मानू नये? गणिताच्या सोयीसाठी तसे मानता येते आणि उपग्रहांच्या कामात मानलेही जाते, हे सरळ कबूल करावे. मात्र कोण कोणाला वळवते हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. पृथ्वी आणि सूर्य दोघेही सामाईक गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे दोघांच्या वस्तुमानाच्या समतोल बिंदूभोवती, फिरतात, आणि सूर्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३ लाख ३३ हजार पट असल्याने पृथ्वी-सूर्य जोडीचा तो बिंदू सूर्याच्या केंद्रापासून जेमतेम ४५० किलोमीटरवर, म्हणजे सूर्याच्या पोटात खोलवर असतो.

एवढे सांगूनही समोरची व्यक्ती तत्काळ मान्य करील अशी अपेक्षा ठेवू नये. कॅथलिक धर्मसंस्थेने पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्त्या होईपर्यंत रोखल्याचे साल १६१६ आहे, आणि तो निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून वगळला गेला तो १८३५ च्या आवृत्तीत.