कुठल्या देशाचं विमान आहे यावरून घाबरण्याआधी हे चेक करा

मागे मावशीचं मुंबई-टोरंटो तिकीट काढत होतो, इथिओपियन एअरलाइन्सचं, व्हाया अदिस अबाबा, बऱ्यापैकी स्वस्त मिळत होतं, तर घरात सगळे एकदम "आफ्रिकेचं विमान? नको रे बाबा". का नको विचारलं तर कोणालाच नीट सांगता येईना. मला ते फार लागलं, म्हणून आता मी जे बघतो ते इथे लिहितोय.

आधी स्वतःला विचारा की डोक्यात नेमका कुठला अपघात आहे. इथिओपियनचं नाव काढलं की १० मार्च २०१९ आठवतो, १५७ माणसं गेली. पण त्याच्या साडेचार महिने आधी इंडोनेशियात लायन एअरचं तेच मॉडेल, बोइंग ७३७ मॅक्स, पडलं होतं आणि १८९ जण गेले होते. दोन्हीकडे एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर एकाच सेन्सरच्या चुकीच्या रीडिंगवरून विमानाचं नाक खाली दाबत राहिलं, आणि लायन एअरच्या पायलटांना तर ते विमानात आहे हेच माहीत नव्हतं कारण मॅन्युअलमध्ये त्याची माहितीच नव्हती. तरी पहिल्यांदा बोट कोणाकडे, तर तिकडचे पायलट कच्चे. अमेरिकेच्या संसदेत सुद्धा हे बोललं गेलं.

दुसरं, "त्यांची संस्कृतीच तशी" हे वाक्य आलं की थांबा. कोरियन लोक मोठ्यांना उलट बोलत नाहीत म्हणून कोरियन एअरची विमानं पडतात हे तुम्हीही ऐकलं असेल. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, १९९९ ला लंडनजवळ स्टॅनस्टेडला त्यांचं विमान पडलं तेव्हा कॅप्टनच्या समोरचं इन्स्ट्रुमेंट चुकीचं दाखवत होतं, अलार्म वाजत होता, फ्लाइट इंजिनिअर विमान कलतंय म्हणून सांगत होता आणि को-पायलट गप्प होता. पण १९९७ च्या कोरियन एअरच्या गुआम (पॅसिफिकमधलं अमेरिकेचं बेट) अपघातात, ज्यात २२८ लोक गेले, कॅप्टन थकलेला होता, रनवेची ग्लाइड स्लोप सिस्टिम, म्हणजे उतरताना योग्य उंची दाखवणारी यंत्रणा, बंद होती, आणि विमान फार खाली आलं तर कंट्रोलरला सावध करणारी अमेरिकेची यंत्रणा पण तिथे निकामी करून ठेवली होती, हे कोणी सांगत नाही. नंतर कंपनीने अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सचे डेव्हिड ग्रीनबर्ग यांना आणलं, ट्रेनिंग बदललं, आणि स्टॅनस्टेडनंतर त्यांच्या अपघातात कोणी दगावलेलं नाही. माणसं कोरियनच आहेत की.

आणि १९७७ चं टेनेरिफ? स्पेनच्या या बेटावर रनवेवर दोन विमानं धडकून ५८३ माणसं गेली, केएलएमचा कॅप्टन डच, म्हणजे तोंडावर स्पष्ट बोलणारे म्हणून प्रसिद्ध लोक, तिथेही समोरचं विमान रनवेवरून हटलंय का अशी फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली आणि कॅप्टनने ती उडवून लावली. कॉकपिटमध्ये ज्युनिअरने बोललंच पाहिजे हे शिकवणारं सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) ट्रेनिंग निघालं तेही एक अमेरिकन विमान पोर्टलँडला १९७८ मध्ये इंधन संपून पडल्यावर. आपणही काही वेगळे नाही, २०१० च्या मंगळूर अपघातानंतर "परदेशी पायलट होता ना" हेच माझ्या कानावर यायचं.

मग बघायचं काय? युरोपियन युनियनने ज्या एअरलाइन्सना तिकडे उडायला बंदी घातलीय त्यांची यादी नेटवर फुकट आहे, ती उघडा. नेपाळच्या सगळ्या एअरलाइन्स तिथे २०१३ पासून आहेत, आणि त्यात एक मोठा आक्षेप असा की तिथे विमानतळ चालवणारी आणि त्यावर नियम लावणारी संस्था एकच आहे, म्हणजे हा सरकारी देखरेखीचा प्रश्न आहे, नेपाळी माणसाच्या स्वभावाचा नाही. इंडोनेशियाच्या सगळ्या कंपन्या २००७ ला यादीत गेल्या आणि २०१८ पर्यंत सगळ्या बाहेर आल्या. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए पण देशांच्या सरकारी देखरेखीवरून त्यांना कॅटेगरी देते, २०१४ मध्ये आपल्यालाच खाली टाकलं होतं, २०१५ ला परत वर घेतलं. त्यानंतर आयाटा या एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेच्या साइटवर कंपनीचं आयओएसए, म्हणजे सुरक्षेचं, ऑडिट आहे का ते शोधा.

तिकिटावर "ऑपरेटेड बाय" पण नक्की वाचा, कारण कोडशेअरमध्ये नाव एकाचं आणि विमान दुसऱ्याचं असतं, वरच्या सगळ्या गोष्टी जो खरंच उडवतो त्याच्या तपासायच्या.

मावशीचं तिकीट मी तेच काढलं, पण आधी हे सगळं तिला बसवून दाखवलं.