नागपुरात छोटी गाडी घेताय? मे महिन्यात, भरदुपारी बघायला जा

सेकंडहँड गाडी बघायला लोक सकाळी जातात, ऊन तापायच्या आत. माझं सांगणं उलटं आहे. दुपारी दोनला जा, आणि जमलं तर नवतप्यातच, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतच जा. पारा पंचेचाळीसच्या पुढे असतो तेव्हा गाडीचं खरं दुखणं कळतं; डिसेंबरात कोणत्याही गाडीचा एसी गारच लागतो.

गाडी सावलीतून उन्हात काढायला सांगा. काचा वर, एसी फुल, आणि पंधरा मिनिटं जागेवरच उभी ठेवा. चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीत सगळा भार रेडिएटरच्या पंख्यावर असतो. बोनेटजवळ कान द्या: पंखा सुरू होतो का, घरघर करतो का. तापमानाचा काटा असेल तर तो मध्यावर थांबला पाहिजे. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो, म्हणून तिथे पंख्याकडे जास्त लक्ष द्या. पळताना गार आणि उभी राहिली की कोमट असा एसी असेल, तर कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी, कचऱ्याने भरलाय, पंखा मंद झालाय किंवा गॅस कमी आहे. व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर रोज तेच सोसावं लागेल. मग चौघांना बसवून, एसी बंद न करता, गाडी वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावर चढवा. जुन्या अल्टोचं 796 सीसीचं इंजिन तिथे दमतं. अल्टो के10चं 998 सीसीचं इंजिन बरंच सहज चढतं. घरात चार माणसं असतील तर मी 998चाच आग्रह धरीन.

कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची टाकी इंजिन थंड असतानाच उघडायची, गरम असताना कधीही नाही. आत स्वच्छ रंगीत कूलंट हवं. तांबूस गढूळ पाणी दिसलं तर कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय, असं समजा. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली, तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे बोलू नका.

23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला, आणि काठच्या वस्त्यांतल्या गाड्या रात्रीतून पाण्यात गेल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून अजून फिरताहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा भाग बदामी आणि खालचा मातकट असेल, किंवा सीटच्या रुळांवर गंज असेल, तर ती गाडी सोडा. स्टेपनीचा खड्डाही बघा. धुणाऱ्याचा हात तिथवर सहसा पोचत नाही, गाळ बसून राहतो.

कोणत्या वर्षाची घ्यावी? माझं उत्तर ठाम आहे: जुलै 2019 नंतर बनलेली. चालकाची एअरबॅग तेव्हापासून सक्तीची झाली, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) त्याच वर्षी एप्रिलपासून, आणि सुरक्षा नंबर प्लेटही कंपनीकडूनच लागून येते. दहा-वीस हजार वाचवायला त्याआधीची घेऊ नका. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. विकणारा अजून जुन्या भावाचा हिशेब सांगत असेल, तर शोरूमचं नवं कोटेशन त्याच्यासमोर ठेवा.

मॉडेल निवडताना गल्ली आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस, दोन्ही बघा. आम्ही जुन्या नागपुरातल्या महाल भागात राहतो. आमच्या गल्लीत एका बाजूला स्कूटी लागलेल्या असतात. अल्टो के10ची रुंदी 1490 मिलिमीटर, वॅगनआरची 1620, आणि आरसे धरले तर आणखी. गल्लीच्या हिशेबाने अल्टोच बरी होती. पण आई अल्टोत बसताना छताला धरून खाली वाकायची, गुडघ्याने कळ दिली की तिथेच थांबायची. वॅगनआरमध्ये ती खुर्चीवर बसल्यासारखी बसली आणि पाय अलगद आत घेतले. आम्ही वॅगनआर घेतली. आता आरसे मिटूनच गल्लीत शिरते.

सांभाळायलाही ऊनच लक्षात ठेवा. उन्हातून गाडी काढताना आधी चारही काचा खाली करून शंभर-दोनशे मीटर चला, मग एसी लावा. सेंटचे डबे, लायटर, सॅनिटायझर आत ठेवू नका. बॅटरी इथल्या उन्हात लवकर जाते. पाण्याची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघा, आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. समृद्धीवर जायचं असेल तर टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी एवढ्या जुन्या टायरवर त्या तापलेल्या काँक्रीटवरून शंभरने पळू नका. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा, आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच.

कागदांत मुख्य म्हणजे आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच बैठकीत घ्या. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म 28, लागेल. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, त्याच्याकडेच राहतो, तेव्हा विम्याचा हप्ता थोडा वाढेल. तेवढी रक्कम भाव करतानाच हिशेबात धरा.