सीबीसी रिपोर्टमधील पांढऱ्या पेशी: या चुका टाळा

पावसाळ्याच्या अखेरीस नाशिकमध्ये डेंग्यूची चर्चा सुरू झाली की सिडको असो वा पंचवटी, सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी घरातच वाचला जातो आणि ‘पेशी कमी झाल्या’ या एका वाक्याने सगळे घर हादरते. तिथे बहुधा प्लेटलेटविषयी बोलले जाते. प्लेटलेट रक्त गोठण्यास मदत करतात, पांढऱ्या पेशी संसर्गाशी लढतात. डेंग्यूत दोन्ही घटू शकतात, म्हणून कोणता आकडा कशाचा आहे हे आधी पाहावे.

सर्वांत दिशाभूल होते ती नुसती टक्केवारी वाचल्याने. समजा, तापाच्या एका प्रौढ रुग्णाच्या एकूण पांढऱ्या पेशी (रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे) २,४०० आहेत आणि त्यांच्या प्रकारांपैकी न्यूट्रोफिल ३२ टक्के व लिम्फोसाइट ५८ टक्के. लिम्फोसाइटपुढे ‘जास्त’ अशी खूण दिसते. परंतु २,४०० चे ५८ टक्के म्हणजे १,३९२, आणि प्रौढांत साधारण १,००० ते ४,००० ही संख्या सामान्यच मानली जाते. खरी घट न्यूट्रोफिलमध्ये आहे, कारण ते केवळ ७६८ उरले आहेत आणि १,५०० च्या खालची संख्या कमी समजतात. टक्केवारी ही फक्त वाटणी आहे. एकाचा वाटा घटला की दुसऱ्याचा आपोआप फुगतो. बहुतेक रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅब्सोल्यूट काउंट’, म्हणजे त्या प्रकारच्या पेशींची प्रत्यक्ष संख्या, छापलेला असतो, तोच वाचावा.

लहान मुलांचा रिपोर्ट मोठ्यांच्या मापाने तपासू नये. साधारण चार वर्षांपर्यंत लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असणे स्वाभाविक असते.

न्यूट्रोफिल वाढले म्हणून मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणणे चुकीचेच आहे, कारण गरोदरपण, शस्त्रक्रिया, अतिश्रम किंवा स्टेरॉइड यांमुळेही ते वाढतात. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींच्या आणखी एका प्रकाराचेही तसेच: एकूण ९,००० पैकी ८ टक्के, म्हणजे ७२०, ही वाढ असली, तरी तिच्यामागे जंतांइतकीच अ‍ॅलर्जी, दमा किंवा एखादे औषधही असू शकते. उलट, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हा आकडा खाली येतो, तेव्हा चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना न चुकता सांगावीत.

मात्र न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील आणि ताप असेल, तर दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.