डीआयपीजी: मुलाच्या मेंदूतील या गाठीचा अहवाल कसा समजून घ्यावा

मुलाच्या एमआरआयच्या अहवालात ‘डिफ्यूज इंट्रिन्सिक पॉन्टाइन ग्लायोमा’, म्हणजेच डीआयपीजी, असे शब्द आले की आईवडील पहिल्यांदा गाठ केवढी आहे ते विचारतात. या आजारात आकारापेक्षा जागा महत्त्वाची असते. म्हणून अहवाल वाचण्यास जागेपासूनच सुरुवात करावी.

ही गाठ पॉन्समध्ये असते. पॉन्स हा मोठा मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभाचा मधला, फुगीर भाग. डोळा बाहेरच्या बाजूस वळवणाऱ्या आणि चेहरा हलवणाऱ्या नसांची केंद्रे येथे असतात, तर हातापायांकडे जाणारे मज्जातंतू येथूनच खाली उतरतात. त्यामुळे एका वस्तूच्या दोन दिसू लागलेले मूल टीव्ही पाहताना एक डोळा मिटून घेते, हसताना त्याच्या ओठाचा एक कोपरा मागे राहतो आणि जिना उतरताना ते कठडा सोडत नाही. बहुधा ५ ते १० वर्षे वयाच्या मुलांत ही लक्षणे काही आठवड्यांतच एकापाठोपाठ येतात. तेव्हा ‘आमच्या लक्षात आधी कसे आले नाही’ असा दोष पालकांनी स्वतःला लावून घेऊ नये.

‘डिफ्यूज’ म्हणजे पसरलेली, ‘इंट्रिन्सिक’ म्हणजे त्या भागाच्या आतूनच उगवलेली, आणि ‘ग्लायोमा’ म्हणजे मेंदूतील आधारपेशींची गाठ. या गाठीच्या पेशी निरोगी पेशींमध्ये विणल्यासारख्या असतात. विणीतला धागा ओढला तर कापडच उसवते, तसेच येथे होते, म्हणून शस्त्रक्रियेने गाठ काढता येत नाही. मात्र सुईने बारीक तुकडा घेऊन केलेली बायॉप्सी ही वेगळी गोष्ट आहे. या गाठींतील बहुसंख्य गाठींत हिस्टोन एच-३ या प्रथिनाच्या जनुकात के-२७-एम हा बदल असतो, हे २०१२ मध्ये उघड झाले आणि त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने वर्गीकरण बदलले. त्यामुळे बायॉप्सीच्या अहवालात ‘डिफ्यूज मिडलाइन ग्लायोमा, एच-३ के-२७ आल्टर्ड, ग्रेड ४’ असे लिहिलेले आढळले तर दुसरा आजार निघाला असे समजू नये. ‘मिडलाइन’ म्हणजे मेंदूच्या मध्यरेषेवरील, आणि ‘ग्रेड ४’ ही सर्वांत आक्रमक श्रेणी.

उपचारांचा मुख्य आधार रेडिएशन हाच आहे. साधारणपणे ५४ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा सुमारे सहा आठवड्यांत, आठवड्याचे पाच दिवस, विभागून दिली जाते. त्यानंतर पुष्कळ मुलांची चाल आणि बोलणे काही महिने सुधारते. ही सुधारणा खरी असते, परंतु ती बरे होणे नव्हे, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगायला हवे, असे मला वाटते. निदानानंतरचे मध्यक आयुर्मान ९ ते १२ महिन्यांच्या आसपास आहे, म्हणजे निम्मी मुले त्यापेक्षा कमी जगतात आणि निम्मी अधिक. दोन वर्षांनंतर सुमारे १० टक्केच मुले हयात असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉर्डाव्हिप्रोन या औषधाला जलद मान्यता दिली, पण ती उपचारानंतर पुन्हा वाढलेल्या आणि के-२७-एम बदल असलेल्या मिडलाइन ग्लायोमापुरती आहे. म्हणूनच बायॉप्सी करायची की नाही, आणि तिच्या निकालाने पुढचा कोणता निर्णय बदलेल, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

सूज उतरवण्यासाठी दिलेल्या डेक्सामेथासोनने भूक अनावर वाढते, चेहरा सुजतो आणि मूल चिडचिडे होते. त्रास पाहून ते एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी लागते. रेडिएशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांतील एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसली, तरी ती उपचारामुळे आलेली सूज असू शकते, हेही विचारून घ्यावे.

त्रासशमनाची, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरची, टीम निदानापासूनच सोबत असावी. गिळताना लागणारा ठसका, डोकेदुखी, झोप यांकडे तीच लक्ष देते. आणि येथे पुन्हा जागेचा मुद्दा येतो: विचार करणारा मोठा मेंदू या गाठीपासून बराच काळ अलिप्त राहतो, त्यामुळे शब्द अडखळू लागलेल्या मुलालाही खाटेशेजारी चाललेले बोलणे सहसा पूर्ण समजत असते. त्याला काय सांगायचे आणि कोणी सांगायचे, हे मोठ्यांनी दाराबाहेर ठरवून मगच आत जावे.